अंगठा आणि आकडा

परवा रात्री फोनने आपलं आपण अपडेट उरकून घेतलं. सकाळी सहाला आईचा फोन आला, तर पडद्यावर ‘आई’ नाही, नुसता दहा आकडी नंबर. अर्धवट झोपेत मी तो कुठल्यातरी कर्जवाल्यांचा समजून कापला. मग नंबर ओळखीचा वाटला म्हणून अंगठा टेकवला, तर फोन ढिम्म. ‘रीस्टार्टनंतर पिन आवश्यक’ एवढंच उत्तर. हाच अंगठा एरवी दिवसातून पन्नास वेळा बिनबोभाट चालतो. मग त्या वेळी का चालला नाही? आणि आईचं नाव कुठे गेलं होतं?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. त्याच्या मागे मागे गेलं की आपण पोलीस ठाण्यातल्या मुद्देमाल खोलीत पोहोचतो, आणि तिथून सर्वोच्च न्यायालयाच्या १९६१ सालच्या एका निकालापाशी. स्मार्टफोन कोणाच्या स्वप्नातही नव्हता तेव्हाचा हा निकाल आहे, पण आजही फोनवरच्या अंगठ्याचा विषय निघाला की वकील आधी त्याच्याकडेच वळतात.

लॉकरच्या दोन किल्ल्या

फोनचं लॉक म्हणजे दाराची कडी, कडी काढली की आत सगळं जसंच्या तसं, असं आपल्याला वाटतं. जुन्या फोनमध्ये बहुतांशी तसंच होतं. आजच्या फोनमध्ये कडीपेक्षा लिपी महत्त्वाची. माळ्यावरच्या ट्रंकेत पणजोबांचे मोडीतले कागद सापडतात. हातात असून उपयोग नसतो, कारण वाचता येत नाहीत. फोनमधला प्रत्येक फोटो, निरोप, नाव, नंबर अशाच न वाचता येणाऱ्या रूपात साठवलेला असतो. मोडी निदान शिकता येते. इथे प्रत्येक फोनची लिपी वेगळी, आणि ती उलगडायला लागते एक किल्ली, म्हणजे एक प्रचंड मोठी संख्या. अशा किती किल्ल्या संभवतात ते लिहायचं तर अठ्ठ्याहत्तर आकडी संख्या लिहावी लागेल. यालाच एन्क्रिप्शन म्हणतात. ‘सांकेतिकीकरण’ असा शब्द आहे, पण तो बोलताना मी अजून कोणाला ऐकलेलं नाही.

सहा वाजता आईचं नाव दिसलं नाही ते याचमुळे. नंबर बाहेरून नेटवर्कवरून आला, तो दिसला. नाव माझ्या फोनच्या आत होतं आणि त्या क्षणी ते खुद्द फोनलाही वाचता येत नव्हतं.

ही किल्ली कुठे ठेवलेली असते? गंमत म्हणजे तयार अशी ती कुठेच नसते. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक आपली. दोन्ही लागल्याशिवाय लॉकर उघडत नाही. फोनमध्ये बँकेची किल्ली म्हणजे कारखान्यातच चिपमध्ये कोरलेला एक गुप्त आकडा. तो त्या एका फोनपुरताच असतो, आणि तो बाहेर काढून वाचायची सोय बनवणाऱ्यानेही ठेवलेली नसते. दुसरी किल्ली आपला पिन. दोन्ही एकत्र घोटून खरी किल्ली तयार होते. म्हणून चोराने फोन खोलून मेमरीची चिप काढून संगणकाला जोडली तरी हाती मोडीची ट्रंकच लागते. अंदाज करत बसायचं, तर ते त्याच फोनवर बसून, त्याच्याच गतीने करावं लागतं.

जुना फोन विकताना ‘सगळं पुसा’ म्हटलं की काही सेकंदांत तो कोरा कसा होतो, याचंही उत्तर इथेच आहे. फोन डेटा पुसत बसत नाही, किल्ली नष्ट करतो. कागद ट्रंकेतच राहतात, पण ती लिपी जाणणारा जगात कोणी उरत नाही.

┌ चौकट: दहा लाख आकडे किती वेळात? ┐
ॲपलच्या फोनमध्ये एक पिन तपासायला मुद्दामच सुमारे ८० मिलिसेकंद लागतील अशी रचना आहे. माणसाला हा वेळ जाणवतही नाही, पण यंत्राचा वेग त्याने खुंटतो. चार आकडी पिनच्या शक्यता १०,०००. मधे कसलाही अडथळा नसेल तर सगळ्या तपासायला सव्वातेरा मिनिटं. सहा आकडीच्या १० लाख. सुमारे बावीस तास. सहाच चिन्हं, पण छोटी इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिसळून घेतली, तर शक्यता दोनशे कोटींच्या वर जातात आणि साडेपाच वर्षं लागतात. शिवाय मधे अडथळा असतोच. काही चुकांनंतर फोन एक मिनिट थांबवतो, मग पाच, पंधरा, पुढे तासन्‌तास. दहा चुकांनंतर सगळं पुसायची सोयही चालू करून ठेवता येते.
└────────────────────────┘

शेजारच्या काकूंकडची किल्ली

आता अंगठा. अंगठ्यापासून किल्ली बनत नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. ठसा दरवेळी थोडा वेगळा उमटतो: कधी बोट ओलं, कधी कणकेचं, कधी तिरकं. अशा हलत्या गोष्टीतून दरवेळी नेमकी तीच संख्या काढणं कठीण. म्हणून फोन वेगळी युक्ती करतो.

कामावर जाताना आपण घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे देतो. मुलगा शाळेतून आला की काकू त्याचा चेहरा बघतात आणि किल्ली देतात. चेहऱ्याने कुलूप उघडत नाही, काकू ओळखतात म्हणून उघडतं. पण सकाळी आपण किल्ली दिलीच नसेल, तर चेहरा कितीही ओळखीचा असो, काकू काय देणार? फोनमधल्या काकू म्हणजे एक वेगळी सुरक्षित चिप. रीस्टार्टनंतर पहिल्यांदा पिन टाकला की किल्ली तिच्या ताब्यात जाते. पुढे अंगठा किंवा चेहरा पटला की ती दार उघडून देते. फोन बंद झाला की काकू सगळं विसरतात. आयफोन ४८ तास उघडलाच नाही किंवा बोट पाच वेळा जुळलं नाही, तरी त्या म्हणतात, आता मालकालाच बोलवा.

यावरून फोनच्या दोन अवस्था होतात. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच, पडद्यावर तेच कुलूप. पहिली, रीस्टार्टनंतर एकदाही न उघडलेला फोन: सगळं मोडीत. दुसरी, एकदा उघडून पुन्हा लॉक झालेला फोन: बाहेरच्या दाराला कडी, पण आतली बहुतेक कपाटं उघडी, कारण त्यांच्या किल्ल्या फोनच्या चालू मेमरीत असतात. येणाऱ्या फोनवर ‘आई’ दिसते ती दुसऱ्या अवस्थेत.

तपास यंत्रणांसाठी हा फरक जमीन-अस्मानाचा आहे. इस्रायलच्या सेलब्राइटसारख्या कंपन्या पोलिसांना फोन उघडायची यंत्रं विकतात. ही यंत्रं गणित मोडत नाहीत, ते कोणालाच जमलेलं नाही. फोनच्या प्रणालीत राहून गेलेल्या चुका ती शोधतात, आणि आतली कपाटं उघडी असतील तर त्यांचं काम खूपच सोपं होतं. म्हणून जाणकार तपास अधिकारी जप्त केलेला फोन बंद करत नाही, उलट चार्जरला लावतो. बाहेरून कोणी दूरच्या दूर तो पुसू नये म्हणून लहरी अडवणाऱ्या, धातूचं अस्तर असलेल्या पिशवीत ठेवतो.

मग चॅट बाहेर कसे येतात?

२०२० च्या सप्टेंबरात मुंबईत अमली पदार्थांच्या तपासात सिनेमातल्या लोकांचे जुने व्हॉट्सॲप चॅट वाहिन्यांच्या पडद्यावर झळकू लागले. घरोघरी एकच प्रश्न: अहो, व्हॉट्सॲप तर म्हणतं, आम्हालाही वाचता येत नाही! मग हे कसं?

व्हॉट्सॲप खोटं बोलत नव्हतं. २०१६ पासून त्याचे निरोप पाठवणाऱ्याच्या फोनपासून घेणाऱ्याच्या फोनपर्यंत बंद पाकिटात जातात, वाटेत कोणी फोडू शकत नाही. पण पाकीट पोहोचल्यावर आपणच फोडतो आणि पत्र खणात टाकतो. खण म्हणजे आपला फोन. दुसरी प्रत समोरच्याच्या खणात असते, आणि त्याच्या पिनवर आपली काही सत्ता नाही. तिसरी प्रत बॅकअपमध्ये, म्हणजे गूगलच्या किंवा ॲपलच्या गोदामात. व्हॉट्सॲपच्या बॅकअपलाही तसंच कुलूप घालायची सोय २०२१ च्या शेवटी आली, आणि ती आपण होऊन चालू करावी लागते. माझ्या ओळखीत ती चालू केलेली माणसं मोजून दोन आहेत.

बॅकअपची वाट किती कामाची, हे अमेरिकेतल्या गाजलेल्या प्रकरणातही दिसलं. २ डिसेंबर २०१५ ला कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोत एका दाम्पत्याने गोळीबारात चौदा जणांना मारलं. हल्लेखोराकडे कचेरीने दिलेला आयफोन ५सी होता. तो लॉक, दहा चुकांनंतर पुसला जाण्याची भीती. न्यायालयाने ॲपलला आदेश दिला की दहा चुकांची अट काढून टाकणारी खास प्रणाली बनवून द्या. ॲपलचे प्रमुख टिम कुक यांनी जाहीर पत्र लिहून नकार दिला. त्यांचं म्हणणं, अशी प्रणाली एकदा बनली की ती एका फोनपुरती राहणार नाही. ते मला पटतं. किल्लीला कोणाचा हात चांगला आणि कोणाचा वाईट हे कळत नसतं. पण मृतांच्या नातेवाइकांपुढे उभं राहून हेच वाक्य बोलणं सोपं नाही, हेही खरं. खटला निकालापर्यंत गेलाच नाही. मार्च २०१६ मध्ये एफबीआयने तिसऱ्याच कोणाकडून फोन उघडून घेतला आणि अर्ज मागे घेतला. त्याआधी तपासाच्या घाईत एक चूक मात्र होऊन बसली होती. त्या फोनच्या आयक्लाउड खात्याचा पासवर्डच बदलला गेला. तो तसाच ठेवून फोन ओळखीच्या वायफायपाशी नेला असता, तर कदाचित त्याने नवा बॅकअप स्वतःहून पाठवला असता.

पंचनामा कपाटाचा, झडती आयुष्याची

आता कायद्याकडे. झडतीचा आपला कायदा घर, दुकान, कपाट आणि पेटी डोळ्यांपुढे ठेवून घडला. पोलीस येतात, पंच बोलावतात (बरेचदा कोपऱ्यावरच्या टपरीवरून), वस्तू जप्त होते, पंचनामा लिहिला जातो. त्यात फोनची नोंद कशी असते बघा: एक काळ्या रंगाचा मोबाईल, अमुक कंपनीचा, पडद्यास तडा गेलेला, आयएमईआय क्रमांक इतका, अंदाजे किंमत आठ हजार. तांब्याच्या कळशीची नोंदही याच धाटणीने होते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत काही सुधारणा आहेत. कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रण करावं लागतं. कलम १८५ तपास अधिकाऱ्याला वॉरंटशिवाय झडती घेऊ देतं, पण घाई का आहे आणि काय शोधायचं आहे हे आधी लेखी नोंदवून. आणि त्या नोंदीची प्रत अठ्ठेचाळीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्याकडे जायला हवी. रस्त्यात उभं करून ‘दाखव तुझे चॅट’ म्हणणं या चौकटीत बसत नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात हैदराबादेत पोलीस वाटसरूंचे फोन घेऊन ‘गांजा’ हा शब्द शोधत असल्याची चित्रफीत पसरली, तेव्हा गदारोळ झाला तो म्हणूनच.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रायली खटल्यात एकमताने सांगितलं, की अटकेच्या वेळी खिशातलं पाकीट तपासता येतं म्हणून फोनही तपासता येईल असं नाही. आधी वॉरंट आणा. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी पाकीट आणि फोन यांतला फरक घोड्यावरची रपेट आणि चंद्रावरचा प्रवास यांतल्या फरकासारखा मानला. आपल्याकडे १९५४ मध्ये आठ न्यायमूर्तींच्या पीठाने म्हटलं होतं की झडतीच्या बाबतीत खासगीपणाचा असा हक्क आपल्या राज्यघटनेत नाही. ते मत ऑगस्ट २०१७ मध्ये पुट्टस्वामी निकालाने पुसलं. नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यात हात घालायचा तर कायद्याचा आधार हवा, रास्त हेतू हवा आणि हेतूच्या मानाने बेताचीच घुसखोरी हवी. दुचाकीचोरीच्या तपासात दहा वर्षांचे कौटुंबिक फोटो चाळणं या तिसऱ्या कसोटीला कसं उतरेल, हे मला तरी सुचत नाही.

जप्त फोनची प्रयोगशाळेत हुबेहूब प्रत काढतात आणि त्या प्रतीचा ‘हॅश’ काढतात. हॅश म्हणजे सगळ्या मजकुराचं गणिताने काढलेलं एक छोटं चिन्ह. आत एक स्वल्पविराम बदलला तरी ते पार बदलतं. प्रतीचाच अंगठ्याचा ठसा म्हणा ना. जप्तीनंतर लगेच हॅश नोंदवला नसेल, तर मधल्या काळात काही घातलं-काढलं गेलं नाही हे कोण सांगणार? नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅशचा रकाना आला, ते फार बरं झालं. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत असं प्रमाणपत्र हवंच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पक्कं केलं तेही जालन्याच्या निवडणूक वादात, अर्जुन खोतकर यांच्या खटल्यात.

१९६१ सालचा अंगठा

तरीही फोन लॉकच असेल तर? पोलीस आरोपीला म्हणू शकतात का, की लाव अंगठा?

राज्यघटनेचं कलम २०(३) सांगतं, की आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही. ‘साक्षीदार होणं’ म्हणजे काय, हा प्रश्न मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात अकरा न्यायमूर्तींपुढे आला. निकाल १९६१ चा. तोवर मुंबई राज्याचं विभाजन झालं होतं, पण खटल्याच्या नावात ते राहिलं. आरोपीच्या हस्ताक्षराचे नमुने, बोटांचे ठसे घेणं म्हणजे त्याला साक्ष द्यायला लावणं आहे का? बहुमताने उत्तर दिलं: नाही. साक्ष म्हणजे स्वतःला ठाऊक असलेलं सांगणं. ठसा काही सांगत नाही. माणसाच्या मनात आलं तरी त्याला तो बदलता येत नाही. पोलीस तो घेतात ते तुलनेसाठी.

हे तर्कशास्त्र तेव्हाच्या अंगठ्याला चपखल बसतं. सातबाऱ्याच्या कागदावर, सावकाराच्या वहीत, पतपेढीच्या पावतीवर अंगठा एवढंच म्हणायचा, ‘हा मी.’ आजचा फोनवरचा अंगठा ‘हा मी’ म्हणून थांबत नाही, दार उघडतो. त्याच्या मागे साडेतीन हजार फोटो, बँक, डॉक्टरांचे अहवाल, भांडणं आणि समेट असतात. ठसा तोच, काम बदललं. शिवाय कुठला अंगठा चालतो हे दाखवणं म्हणजेच ‘हा फोन माझा’ ही कबुली. या मुद्द्यावर अमेरिकेतली दोन अपील न्यायालयंही एकमेकांच्या विरुद्ध गेली आहेत. २०२४ मध्ये एकाने सक्तीने लावलेल्या अंगठ्याला नुसती शारीरिक कृती मानलं; २०२५ मध्ये दुसऱ्याने साक्ष मानलं. मला दुसरं बरोबर वाटतं. पण १९६१ चा धागा धरला, तर आपल्याकडे अंगठ्याचं पारडं पोलिसांच्या बाजूला झुकतं, हे मान्य करायला हवं.

डोक्यातला आकडा

पिनचं तसं नाही. तो बोटावर नसतो, डोक्यात असतो, आणि तो सांगावा लागतो. अकरा न्यायमूर्तींच्याच व्याख्येने हे ‘ठाऊक असलेलं सांगणं’ झालं. २०१० च्या सेल्वी निकालाने नार्को चाचणी, ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करता येणार नाही असं ठरवलं, ते याच धाग्याने: माणसाच्या डोक्यात शिरून माहिती ओढून काढायची नाही.

तरी खालची न्यायालयं एका वाटेने चाललेली नाहीत. २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने म्हटलं, की वॉरंट असेल तर पासवर्ड देणं म्हणजे साक्ष नव्हे. त्याने दार उघडतं एवढंच. आतलं काय ते वेगळं सिद्ध करावं लागेल. २०२२ मध्ये दिल्लीच्या विशेष सीबीआय न्यायालयाने उलट सांगितलं, की आरोपीकडून पासवर्ड जबरदस्तीने घेता येणार नाही. पुढे दिल्ली उच्च न्यायालयानेही एका जामीन प्रकरणात तसाच सूर लावला. दुसरीकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ आहे. सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशानंतर मजकूर उलगडायला मदत न करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ते आरोपीलाही लागू केलं, तर घटनेतल्या कलमाशी टक्कर ठरलेली. ब्रिटनने २००० च्या कायद्याने हा पेच सरळ तोडून टाकला: तिथे नोटीस आल्यावर किल्ली न देणं हाच गुन्हा.

पोलिसांची अडचण खोटी नाही. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली एखाद्या निवृत्त शिक्षकाची आयुष्यभराची पुंजी गेलेली असते आणि टोळीची साखळी एका लॉक फोनमध्ये अडकलेली असते. समोर बसलेला आरोपी मान हलवतो, ‘साहेब, आठवत नाही.’ ठाण्यातल्या त्या खोलीत कलम २०(३) ची आठवण कोण आणि कशी करून देतं, यावर बरंच अवलंबून असतं.

बहात्तर तास

२०२४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या पोलिसांना एक विचित्र गोष्ट जाणवली. प्रयोगशाळेत नीट चार्जरला लावून ठेवलेले आयफोन आपोआप रीस्टार्ट होत होते. आधी वाटलं, फोन एकमेकांना इशारे देत असावेत. उत्तर साधं निघालं. ॲपलने नव्या प्रणालीत घड्याळ बसवलं होतं: तीन दिवस फोन कोणी उघडला नाही, तर त्याने स्वतःच बंद होऊन चालू व्हायचं. पुढच्या वर्षी गूगलनेही अँड्रॉइडसाठी अशीच सोय आणली.

आता मुद्देमाल खोलीत लाखेचं सील लावून ठेवलेला असा एखादा फोन डोळ्यांपुढे आणा. सोमवारी रात्री तो जप्त झाला. आतली कपाटं उघडी होती आणि काकूंकडे किल्ली होती. अर्ज, पत्रव्यवहार, प्रयोगशाळेतली रांग यात मंगळवार गेला, बुधवार गेला. अठ्ठेचाळीस तास उलटले तेव्हाच काकूंनी अंगठा ओळखणं बंद केलं. गुरुवारी रात्री खोलीत कोणी नसताना पडदा क्षणभर उजळला, कंपनीचं चिन्ह दिसलं, पुन्हा अंधार. कपाटं मिटली. सोमवारी हा फोन १९६१ च्या निकालाच्या कक्षेत होता, शुक्रवारी सकाळी तो सेल्वीच्या कक्षेत आला, आणि मधे ना कोणता वकील उभा राहिला, ना न्यायाधीश. शुक्रवारी तपास अधिकारी सील फोडून फोन हातात घेतो, तर पडद्यावर तेच वाक्य असतं: ‘रीस्टार्टनंतर पिन आवश्यक’.